मेजवानीचा मानकरी आणि पानाची डावी बाजू

पाकशास्त्रावरील पुस्तकांची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. कवितासंग्रह निघाला की चार टीकाकार लेखणी सरसावतात, कादंबरीच्या गुणदोषांवर वर्ष-वर्ष वाद चालतात. पण ज्या पुस्तकाच्या आधाराने शेकडो घरांत चूल पेटते त्याला ‘उपयुक्त’ हे एकच विशेषण देऊन आपण ते फडताळात ठेवून देतो. आम्हांस ही उपेक्षा अन्यायाची वाटते. पाककृती हीही एक रचनाच आहे. तिला हेतू असतो, तिच्यासमोर एक कल्पिलेला वाचक असतो, आणि ती जे सांगते त्याइतकेच ती जे सांगत नाही त्यावरूनही तिच्या काळाची पारख करता येते. प्रस्तुत लेखात आम्ही एकच पदार्थ घेऊन त्याविषयी तीन शतकांत लिहिल्या गेलेल्या तीन पुस्तकांकडे या दृष्टीने पाहणार आहोत.

हा पदार्थ म्हणजे इंग्लंडात वाढलेला आणि अमेरिकेत नाताळच्या जेवणाचा एक मानकरी होऊन बसलेला, बरगड्यांसह भाजलेला गोमांसाचा मोठा तुकडा. अमेरिकेत त्याला ‘प्राइम रिब’ किंवा ‘स्टँडिंग रिब रोस्ट’ म्हणतात. कारण भाजताना तो आपल्याच हाडांवर उभा राहतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हे मांस वर्ज्य आहे, आणि त्यांना त्याची गोडी लावण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. इलियडमधील वीरांच्या मेजवान्यांची वर्णने वाचताना आपण काही त्यांच्या पंगतीस जाऊन बसत नाही. तरीही त्या काव्याचा आस्वाद घेण्यास आपल्याला अडचण पडत नाही. येथेही तीच दृष्टी ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. गुरांना बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. अमेरिकी खाटीक त्यांपैकी सहाव्यापासून बाराव्यापर्यंतच्या सात बरगड्यांचा भाग वेगळा काढतो. हाच तो तुकडा. पाठीच्या या भागातील मुख्य स्नायूला जनावर चालताना फारसे श्रम पडत नाहीत, म्हणून तो मऊ राहतो. आणि त्यात चरबीच्या बारीक रेषा पसरलेल्या असतात, म्हणून तो भाजला असता रुचकर लागतो. एका बरगडीमागे दोन माणसे असा ढोबळ हिशेब धरतात. नावातील ‘प्राइम’ या शब्दाने मात्र अनेकांची फसगत होते. अमेरिकी सरकारच्या कृषी खात्याने १९२७ साली मांसाची प्रतवारी सुरू केली आणि तिच्यातील सर्वोच्च प्रतीस हेच नाव दिले; परंतु पदार्थाचे नाव प्रतवारीवर अवलंबून नाही, आणि ‘प्राइम रिब’ म्हणून विकला जाणारा तुकडा त्या प्रतीचा असेलच असे नाही. नाव आणि गुण यांची ही फारकत साहित्याच्या वाचकांना नवीन वाटण्याचे कारण नाही.

या पदार्थात मसाला जवळजवळ नाहीच. मांस, मीठ, थोडी मिरी आणि अग्नी. आपल्या स्वयंपाकात वाटणघाटणामागे बरेच काही झाकता येते. येथे झाकण्यास जागा नाही. म्हणूनच इंग्रजांना त्याचा मोठा अभिमान वाटत आला. १७४८ साली विल्यम होगार्थ याने कॅले बंदराच्या वेशीचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात मध्यभागी इंग्रजी खानावळीकडे नेला जाणारा गोमांसाचा प्रचंड तुकडा आहे आणि भोवती हडकुळे फ्रेंच शिपाई. ज्या पदार्थात राष्ट्राचा गर्व असा मिसळलेला असतो, त्याच्याविषयी खरे बोलणे अवघड होऊन बसते. सणाच्या पदार्थाचेही तसेच आहे. घरच्या यजमानाची प्रतिष्ठा त्या एका ताटात मांडलेली असते. त्यामुळे त्याच्याविषयीचे जुने समज कोणी तपासून पाहत नाही.

पहिले पुस्तक हॅना ग्लास या बाईंचे. त्याचा विषय साधी आणि सोपी पाककला असा त्याच्या नावातच सांगितलेला आहे. १७४७ साली ते लंडनमध्ये निघाले तेव्हा त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘एका बाईंनी लिहिलेले’ एवढाच उल्लेख होता. त्या काळी भाजणे याचा अर्थ उघड्या आगीसमोर सळईवर मांस फिरवीत ठेवणे असा होता. सळई फिरवण्यास मुलगा ठेवीत, यंत्र लावीत, आणि क्वचित या कामासाठी खास पाळलेले कुत्रेही चाकात धावडवीत. ग्लासबाई या आगीची भाषा उत्तम जाणतात. मांसाचे वजन सांगून त्या वेळ सांगतात. तुकडा जाड असला तर वेळ अधिक, पातळ असला तर कमी, हेही सांगतात. यॉर्कशायर पुडिंगची त्यांची कृती तर अर्थशास्त्राचा धडाच आहे. दूध, अंडी, मीठ आणि मैदा यांचे सरबरीत पीठ करून ते भाजत्या मांसाखाली ठेवायचे. वरून ठिबकणारी चरबी त्यात मुरते आणि वाया जाणाऱ्या वस्तूतून दुसरा पदार्थ तयार होतो. फ्रेंच आचाऱ्यांच्या उधळपट्टीची त्यांनी केलेली थट्टाही याच काटकसरी बुद्धीतून आलेली आहे.

मात्र त्यांचा वाचक कोण, हे पाहिले पाहिजे. घरातील मोलकरणींना शिकवण्यासाठी आपण लिहीत आहोत आणि म्हणून भाषा अलंकारिक ठेवलेली नाही, असे त्या प्रस्तावनेत स्पष्ट सांगतात. मालकिणीचा त्रास वाचावा हा त्यांचा हेतू. जी बाई आगीसमोर तीन-तीन तास घाम गाळणार, ती त्या जेवणाला बसणार नाही हे येथे इतके गृहीत आहे की ते लिहिण्याचीही गरज ग्लासबाईंना वाटत नाही.

दुसरे पुस्तक इझाबेला बीटन यांचे. गृहव्यवस्थेवरील हा जाडजूड ग्रंथ १८६१ साली पुस्तकरूपाने निघाला तेव्हा बीटनबाई जेमतेम पंचवीस वर्षांच्या होत्या. अठ्ठाविसाव्या वर्षी त्या वारल्या. ग्रंथातील बहुतेक कृती इतरांच्या पुस्तकांतून व वाचकांच्या पत्रांतून जमवलेल्या आहेत. त्यामुळे स्वतंत्र प्रतिभेचे श्रेय त्यांना देता येत नाही. परंतु मांडणीचे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही. लागणारे जिन्नस, लागणारा वेळ, अदमासे खर्च, किती जणांस पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावे, ही माहिती प्रत्येक कृतीबरोबर नेमाने देण्याची शिस्त त्यांनी रूढ केली. आजचे कोणतेही पाकपुस्तक उघडले तरी ही शिस्त त्यात दिसते. महिन्यामहिन्याच्या मेजवान्यांच्या याद्याही त्यांनी दिल्या आहेत. तथापि, ग्रंथाच्या आरंभीच त्या गृहिणीची तुलना सेनापतीशी करतात, आणि सेनापतीला शिपाई लागतात. बीटनबाईंच्या गृहिणीने मांस स्वतः भाजायचे नसून ते नीट भाजले जात आहे ना, यावर देखरेख करायची आहे. हुकूम सुटसुटीत झाला. हुकूम पाळणाऱ्या हातांची स्थिती होती तीच राहिली.

तिसऱ्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वी मधल्या काळातील एका चुकीचा उल्लेख करणे भाग आहे. १८४७ च्या सुमारास यूस्टस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असे मत मांडले की, मांस आरंभी कडक आचेवर धरले म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर कवच तयार होते आणि आतला रस आतच कोंडला जातो. शास्त्रज्ञाचा शब्द म्हणून आचाऱ्यांनी तो शिरोधार्य मानला. १९३० च्या दशकातील साध्या प्रयोगांत हे मत टिकले नाही: आधी कडक आच दिलेल्या तुकड्यातूनही रस जातोच. तरीही चूक चालू राहिली. १९८४ साली हॅरल्ड मॅगी याने अन्नाच्या विज्ञानावरील आपल्या ग्रंथात हा प्रश्न नव्याने उकरून काढला, तेव्हा कोठे सामान्य वाचकांना तो कळला. आपल्या दर्शनकारांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवाक्य अशी प्रमाणे सांगितली आहेत. स्वयंपाकघरात प्रत्यक्ष रोज डोळ्यांसमोर असते: तव्यावर चरचरणारा आवाज हा बाहेर पडणाऱ्या रसाचाच आवाज आहे. तो ऐकत असतानाही शंभर वर्षे लोक आप्तवाक्यावर विश्वासून राहिले, ही गोष्ट आम्हां टीकाकारांनीही मनाशी बाळगण्यासारखी आहे.

तिसरे पुस्तक जे. केन्जी लोपेझ-आल्ट या अमेरिकी लेखकाचे, ‘द फूड लॅब’, २०१५ साली प्रसिद्ध झालेले. घरच्या स्वयंपाकाला प्रयोगशाळेची शिस्त लावणे हा त्याचा विषय. या पदार्थाच्या बाबतीत त्याने जुना क्रम सरळ उलटा केला आहे. आधी कडक आच आणि मग मंद, ही परंपरा. तो आधी मंद आणि शेवटी कडक आच देतो. मांसाला आदल्या दिवशी मीठ लावावे, ओव्हन १२० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही कमी ठेवावा, आणि मांसाच्या मध्यभागी खुपसलेला उष्णतामापक ५२ अंशांच्या आसपास आला की तुकडा बाहेर काढावा. याला साडेतीन-चार तास लागतात. आच याहून मंद ठेवली तर आणखी अधिक. मग तो अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत झाकून ठेवता येतो. वाढण्यापूर्वी ओव्हन शक्य तितका कडक तापवून सहा ते दहा मिनिटे मांस पुन्हा आत ठेवले की बाहेरून खमंग तपकिरी रंग चढतो.

यामागील कारणे समजण्यासारखी आहेत. कडक आचेत बाहेरचा थर शिजून करडा आणि कोरडा होतो, तेव्हा मध्य अजून कच्चा असतो. मंद आचेत उष्णता सावकाश आत जाते आणि कडेपासून मध्यापर्यंत सारखा गुलाबी रंग राहतो. शिवाय पृष्ठभागावर पाणी असेतोवर त्याचे तापमान शंभर अंशांपलीकडे फारसे जात नाही, आणि खमंगपणा देणारी रासायनिक क्रिया तर साधारण १४० अंशांपुढे जोर धरते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामी मायार याने १९१२ साली तिचे वर्णन केले म्हणून तिला त्याचे नाव आहे. मंद आचेत पृष्ठभाग आधीच सुकलेला असल्यामुळे शेवटच्या काही मिनिटांत ती क्रिया उरकते. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि नंतर किमान तीन मिनिटांची विश्रांती असा आहे. पाहुण्यांत वृद्ध किंवा गर्भवती असतील तर रसिकतेपेक्षा हा सल्ला मोठा मानावा.

हे पुस्तक आधीच्या दोहोंपेक्षा श्रेष्ठ का, असे विचारल्यास बहुतेक जण ‘मांस अधिक मऊ होते म्हणून’ असे उत्तर देतील. आमचे उत्तर निराळे आहे. पण त्यासाठी मुख्य पदार्थाभोवतीच्या पदार्थांकडे पाहावे लागेल.

आपल्या पानाची डावी बाजू ज्याला वाढता येते त्यालाच वाढप कळले, असे म्हणण्यास हरकत नाही. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे ही चिमूटभर माणसे. पण पुरणपोळीच्या जेवणाला तोल येतो तो त्यांच्यामुळे. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्राने औचित्याला रसाचे जीवित मानले. अलंकार कितीही मोलाचा असो, चुकीच्या जागी घातला की हसे होते, हे त्याचे म्हणणे ताटालाही लागू पडते. या मेजवानीत डाव्या बाजूचे काम मुख्यतः हॉर्सरॅडिश करते. हे मोहरीच्या कुळातील झणझणीत मूळ किसून सायीत किंवा शिरक्यात कालवतात. त्याचा झणका नाकात चढतो आणि चरबीने जड झालेली जीभ पुन्हा जागी होते. यॉर्कशायर पुडिंग मांसाचा रस टिपून घेते. मांसातून सुटलेला पातळ रस वर वाढतात. त्यात मैदा घालून तो दाट करण्याची गरज नसते.

येथपर्यंत औचित्य सांभाळलेले आहे. परंतु अमेरिकी ताटात पुढे एक दोष शिरतो. १९३८ साली बेव्हर्ली हिल्समध्ये उघडलेल्या ‘लॉरीज द प्राइम रिब’ या उपाहारगृहाने हा पदार्थ चांदीसारख्या चकाकत्या गाड्यावरून मेजापर्यंत नेऊन पाहुण्यांसमोर कापण्याची रीत प्रसिद्ध केली. लोण्यात घोटलेले बटाटे, सायीतला पालक आणि सायीतला मका हेही या पदार्थाचे नेहमीचे सोबती. उपाहारगृहात प्रत्येकजण आपल्या आवडीचे एखादे मागवतो. घरच्या सणात मात्र सगळेच एकदम मांडले जाते. बटाटे मऊ, पालक मऊ, मका मऊ; तिन्हींत साय, तिन्हींत लोणी, आणि मध्ये चरबीचेच मांस. काव्यशास्त्रात ज्याला पुनरुक्ती म्हणतात तो हाच दोष. आम्ही म्हणू की, तीनपैकी एकच ठेवावा. बाकीच्या जागी करकरीत राहतील अशा बेताने वाफवलेल्या कोवळ्या फरसबीच्या शेंगा, कडवट पानांची शिरका घातलेली कोशिंबीर, आणि बाहेरून कुरकुरीत भाजलेले बटाटे आले म्हणजे मानकऱ्याचा मान वाढतो, कमी होत नाही.

या सर्व पदार्थांचा एक व्यावहारिक पेच आहे, आणि बहुतेक पाकपुस्तके त्याबाबत मुग्ध असतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या पानावर एकटा असतो. ओव्हन मात्र घरात एकच असतो. पुडिंगला कडक आच हवी, मांसाला मंद. सगळे एकाच क्षणी गरम हवे. हा मेळ घालण्याचे ओझे ज्या एका माणसावर पडते, ते माणूस सणाच्या दिवशी स्वयंपाकघराबाहेर येतच नाही.

उलट्या क्रमाच्या पद्धतीचे खरे मोल येथे आहे. रात्री आठचे जेवण असेल तर मांस दुपारी अडीचला आत जाते आणि साडेसहाला बाहेर येते. पुढचा तासभर ओव्हन रिकामा. त्या वेळात बटाटे भाजून होतात, पुडिंग फुगते, आणि यजमानीण पाहुण्यांत जाऊन बसू शकते. पुडिंग बाहेर आले की शेवटची दहा मिनिटे मांसाला. थोडा उशीर झाला तरी काही बिघडत नाही, कारण मांस वाट पाहू शकते. ग्लासबाईंच्या सळईपुढून माणसाला हलता येत नव्हते; बीटनबाईंच्या घरात हलण्याची मुभा फक्त मालकिणीला होती; लोपेझ-आल्टच्या पद्धतीत रांधणाऱ्यालाच मोकळीक मिळते. कारण त्याच्या पुस्तकात रांधणारा आणि जेवणारा प्रथमच एक झाले आहेत.

ही कसोटी आम्ही नव्याने शोधलेली नाही. १८४३ साली चार्ल्स डिकन्सने नाताळावर जी प्रसिद्ध कथा लिहिली, तीतील गरीब क्रॅचिट कुटुंबाचे जेवण आठवावे. त्यांना गोमांसाचा मोठा तुकडा परवडणारा नाही. ते हंस घेतात आणि घरी ओव्हन नसल्यामुळे तो बेकरच्या भट्टीत भाजून आणतात. मानकरी अशा रीतीने बाहेरूनच तयार होऊन येतो आणि घरी उरते ती डावी बाजू. ती सगळे वाटून घेतात: आई ग्रेव्ही गरम करते, एक मुलगा बटाटे घोटतो, एक मुलगी सफरचंदाची चटणी गोड करते, दुसरी बशा पुसते, धाकटी दोघे खुर्च्या मांडतात आणि त्यांत स्वतःच्याही मांडण्यास विसरत नाहीत. मग सगळे एकदम बसतात. त्या जेवणाची गोडी हंसाच्या आकारात नव्हती, हे वाचकाला सांगावे लागत नाही.

हाच प्रश्न गोव्यातील ख्रिस्ती गृहिणींनी निराळ्या मार्गाने सोडवलेला आहे. नाताळचे सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी शिजते. शिरक्यात मुरत, रोज ऊन होत, ते सणाच्या दिवसापर्यंत अधिकच रुचकर होते. बेबिंकेचे थर आधीच चढलेले असतात, दोदोल आधीच आटवलेले असते. सणाच्या दिवशी वाफवायची ती सान्ने. ‘जो पदार्थ थांबतो तो रांधणारीला मोकळे करतो’ हे तत्त्व या घरांना कोणा प्रयोगशाळेने शिकवलेले नाही.

आणि आपल्या मराठी घरांचे काय? सणाच्या दिवशी पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची, आणि रांधणाऱ्या बायका सर्वांत मागून, निवलेल्या वरणावर, ही रीत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. कित्येक घरांत ती आजही मोडलेली नाही. गरम पोळी ताटात पडत राहावी म्हणून कोणीतरी तव्यापाशी उभे राहिलेच पाहिजे, असे तिचे समर्थन केले जाते. पोळी उत्तम असते, यात शंका नाही. परंतु ज्या उत्तमपणासाठी घरातील एका माणसाला सणातून वजा करावे लागते, तो उत्तमपणा आपण नीट तोलून पाहिला आहे काय?

यापुढे एखादे पाकपुस्तक हाती आले, मग ते अमेरिकेतील रोस्टचे असो किंवा पुरणपोळीचे, तर आम्ही त्याला प्रथम एकच प्रश्न विचारणार आहोत: या पुस्तकाबरहुकूम जेवण केले तर करणाऱ्यासाठीही पान मांडलेले असेल काय? आमच्या वाचकांनीही हा प्रश्न विचारावा, आणि येत्या सणाला प्रथम आपल्याच घरात विचारावा.